एकतिसाव्या दिवसाचं काय?

सध्या आमच्या कोपर-डोंबिवली पट्ट्यात जो तो काहीतरी 'सोडतो' आहे. कुणी साखर सोडली, कुणी गहू, कुणी दूध. मुदत २१ दिवस नाहीतर ३० दिवस. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "शरीर रिसेट करायचंय!" सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'दिवस ११ वा पूर्ण' अशी हजेरी लागते आणि खाली टाळ्यांचा पाऊस. पैसे भरून घेतलेला कोर्स असेल तर टाळ्या जरा जास्तच. माझं या प्रकाराशी भांडण आहे, ते आज एकदाचं मांडून टाकते.

मुळात ही पद्धत वजन उतरवण्यासाठी नव्हतीच. ॲलर्जीचा छडा लावायला अमेरिकेतल्या डॉ. अल्बर्ट रो यांनी १९२० च्या दशकात ती वापरात आणली. अंगावर पित्त उठतंय, पोट बिघडतंय, पण कशाने ते कळत नाही. मग संशय असलेले पदार्थ काही आठवडे बंद करायचे आणि नंतर एकेक करून परत सुरू करायचे. प्रत्येकाला दोन-तीन दिवस द्यायचे. त्रास उलटला की चोर सापडला! म्हणजे खरी परीक्षा परत सुरू करण्यात आहे. बंद करणं म्हणजे नुसती पाटी पुसणं. आमची मंडळी पाटी पुसतात आणि शाळा सुटली म्हणून घरी जातात. एकतिसाव्या दिवशी पार्टी, पावभाजी, वर आइस्क्रीम, सगळं एकाच ताटात. आता सांगा, पोट कशाने फुगलं?

२००९ साली अमेरिकेत 'होल थर्टी' निघालं. ३० दिवस साखर, दारू, धान्यं, डाळी-कडधान्यं आणि दूधदुभतं बंद. शेवटी एकेक गट क्रमाने परत आणा असं त्यातही सांगितलेलं आहे, पण ते पान वाचायला वेळ कुणाला? आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांच्या ताटात मांस, मासे, अंडी आहेत. आपल्याकडे वरण गेलं, भात गेला, पोळी गेली, ताक गेलं. शाकाहारी माणसाने प्रथिनं आणायची कुठून, भोपळ्यातून? कोपर गावातल्या आगरी घरात मासळी असते हे खरं, पण तांदळाच्या भाकरीवाचून कालवण खायचं कशाशी?

लगेच कुणीतरी म्हणेल, "बाई, आपल्या चातुर्मासात हेच तर होतं!" हेच नव्हतं. आषाढात कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन घ्यायचा आणि मग कांदा, लसूण, वांगं बंद. वांगं परत कधी? तर चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. सोडायला तिथी आणि धरायलाही तिथी. सोडायच्या वस्तू दोन-तीनच, त्याही घरातल्या सगळ्यांनी मिळून; जेवणाचा कणा असलेल्या वरणभाताला कुणी हात लावत नसे.

म्हणून पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. तो दुसरा बाजार, त्याचाही मला तितकाच कंटाळा. गटारीला यथेच्छ ताणून दुसऱ्या दिवशी श्रावण पाळणारे काय थोडे आहेत? आणि आपला उपास पाहा. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ पिष्ट, जोडीला बटाटा, दाणे, मिरची. चौघांचंही मूळ अमेरिका खंडात! एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांना म्हटलेलं आहे.

इथवर गंमत झाली. पण मधुमेहाचं औषध चालू असलेली माणसं कुणालाही न विचारता धान्य बंद करतात, ते मला पाहवत नाही. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचं प्रमाण जेवणाच्या हिशेबाने बांधलेलं असतं. जेवण निम्म्यावर आणलं आणि गोळी तीच ठेवली तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. हे सकाळच्या लोकलमध्ये दाराशी उभं असताना झालं तर? त्या ग्रुपवरची ताई 'डिटॉक्सची लक्षणं' म्हणून मोकळी होते. (शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती कोर्सची फी मागत नाहीत.) तसंच गव्हाचं. गव्हातल्या ग्लुटेनने खरोखर आतडं बिघडणारा सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला आणि मग तपासायला गेलात, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणजे या हौसेपायी ज्याला खरा आजार आहे तोच फसतो.

डॉ. जिचकारांच्या विचारांवरून डॉ. दीक्षितांनी मांडलेली दोन वेळा जेवायची पद्धत घरोघरी पोचली, तिच्यावर कडाक्याचे वाद झाले. ती सगळ्यांना मानवेल असं नाही. पण निदान तिथे घरातलंच ताट होतं आणि प्रश्न वेळेचा होता. आमच्याकडचा खरा प्रश्न वेळेचाच आहे. कोपरला जलद गाडी थांबत नाही. धीम्या लोकलने लोंबकळत माणूस उतरतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात, पोटात दुपारनंतर चार कप चहा. कपाला दोन चमचे धरले तर आठ चमचे साखर, म्हणजे ३०-३५ ग्रॅम, ती गेली चहातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा २००० कॅलरीच्या आहाराला ५० ग्रॅमच्या आसपास येते. वर बिस्किटं, मग साडेदहाला जेवण आणि लगेच झोप. ३० दिवस गहू सोडून यातलं काय बदललं? गाडी तीच, चहा तोच.

आणि हे सोडतं कोण, रांधतं कोण? नवऱ्याचा तीस दिवसांचा संकल्प असतो तेव्हा घरात दोन स्वयंपाक होतात. त्याची भाज्यांची वाटी वेगळी, मुलांची पोळीभाजी वेगळी, सासऱ्यांचा मऊ भात तिसरा. ती बाई पहाटे पाचला उठायची, आता साडेचारला उठते. तिच्या दिवसांची मोजदाद त्या ग्रुपवर मी अजून पाहिलेली नाही.