रात्रीचे अनोळखी पाहुणे

आमचा भाचा घरातल्या जुन्या संगणकावर एक फलक चालवतो. फलक म्हणजे बुलेटिन बोर्ड. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्र नाही की जाहिरात नाही. नाव आणि परवलीचा शब्द टाकून आत यायचं, निरोप ठेवायचा, दुसऱ्यांचे वाचायचे, बुद्धिबळाची एखादी चाल करून निघायचं. बुऱ्हाणपूर, रावेर, खंडवा मिळून दहा-बारा मंडळी येतात. हे खूळ तसं जुनं. शिकागोत हिमवादळात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये असा पहिला फलक सुरू केला. आपल्याकडे बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी बंगळूरहून ‘सीआयएक्स’ चालवला, तोही व्हीएसएनएलचं इंटरनेट (१५ ऑगस्ट १९९५) येण्याच्या आधी. तेव्हा फोनची एक तार म्हणजे एका वेळी एकच पाहुणा. दार ठोठावायलाही ट्रंककॉलचे पैसे पडत.

आता ठोठावणं फुकट आहे. मागच्या पावसाळ्यात भाच्याने मला रात्रीची नोंदवही दाखवली. ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘एक-दोन-तीन-चार-पाच’... दर काही सेकंदांनी कुणीतरी नवा शब्द लावून बघतोय. पत्ते जगभरचे. मी विचारलं, “तुझ्या फलकावर एवढं काय सोनं आहे रे?” तो हसला. म्हणाला, “मामा, ही माणसं नाहीतच.”

खरंच नाहीत. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाचा किडा पसरला. घरोघरच्या कॅमेऱ्यांना आणि राउटरांना कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले परवलीचे शब्द त्याला पाठ होते. ज्याने ते बदलले नाहीत, त्याचा कॅमेरा त्याचा गुलाम झाला आणि पुढची दारं ठोठावू लागला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कितीतरी ठिकाणं तासन्‌तास बंद पाडली. त्याची पिलावळ अजून फिरते आहे. तिचं आवडतं दार टेलनेटचं, २३ क्रमांकाचं. आणि हौशी फलकवाले परंपरेने नेमकं तेच उघडं ठेवतात! (असीरगडही १६०१ मध्ये तोफांनी नव्हे, सोन्याच्या किल्लीने उघडला, असं आपल्याकडे सांगतातच.)

भाच्याने मग पहारेकरी नेमला. ‘फेलटूबॅन’ नावाचा हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम नोंदवही वाचत बसतो. दहा मिनिटांत एकाच पत्त्यावरून पाच वेळा शब्द चुकला, की तो पत्ता दहा मिनिटं बाहेर. मूळ नियम एवढाच. भाच्याला तो मिळमिळीत वाटला. त्याने करून टाकलं : कायमचा बाहेर. आठवडाभर मजेत झोपला.

मग रावेरच्या आमच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. आवाज दुखावलेला. “माझा डाव अर्धा पडलाय, आणि तुम्ही दारच लावलंत? माझं काही चुकलं का?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. एका आयपी पत्त्यात चार आकडे, त्यामुळे सगळ्या जगाला मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते. ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या एकेक पत्ता कितीतरी घरांना वाटून देतात. अख्ख्या वाड्याला एकच दरवाजा असावा, तसं. गुरुजींच्या वाड्यातला कुणाचा तरी कॅमेरा बिघडला, पहारेकऱ्याने वाडाच ओळखला आणि गुरुजी रस्त्यावर!

भाचा म्हणत होता, एकासाठी दार कसं उघडं टाकू? मला ते पटलं नाही. दहा माणसांच्या बैठकीतला एक गेला, तर बैठक कुणासाठी राखायची? ‘हा आपला’ म्हणून त्यांचा पत्ता लिहून ठेवावा, तर तोही कंपनी बदलत राहते. शेवटी त्याने फलक २३ वरून दुसऱ्या क्रमांकाच्या दारावर हलवला. थापा पुष्कळ कमी झाल्या. शिक्षाही बदलली : पहिल्यांदा दहा मिनिटं, तोच पत्ता परत आला तर वीस, मग चाळीस. गुरुजींना नवा क्रमांक मी फोनवर दोनदा सांगितला.

आता रोज सकाळी चहाबरोबर भाचा अडवलेल्यांची यादी वाचतो. त्यात भारतातला पत्ता दिसला, की आधी रावेरला फोन लावतो.