‘प्रभाव’ कोणाचा आणि ‘नक्कल’ कोणाची?

पाश्चात्त्य कलेचा इतिहास बहुतेक पुस्तकांत वंशावळीसारखा मांडलेला असतो. कुर्बेच्या वास्तववादातून माने आला, मानेच्या धाडसातून मोने आणि त्याच्या साथीदारांचा दृक्प्रत्ययवाद, म्हणजे इम्प्रेशनिझम, आला. त्यावर प्रतिक्रिया म्हणून सेझान, व्हॅन गॉग आणि गोगँ आले. सेझानच्या खांद्यावर उभे राहून पिकासो आणि ब्राक यांनी घनवाद उभारला. सगळा वारसा एकाच घराण्यातला! ही मांडणी सपशेल खोटी नाही, पण ती अर्धी आहे. आणि अर्धा इतिहास हाच प्रस्थापितांचा सर्वात आवडता इतिहास असतो.

उरलेला अर्धा तपासूया. १८५४ मध्ये अमेरिकेने युद्धनौकांच्या धाकावर जपानला बंदरे उघडायला लावली. पुढच्या काही वर्षांत जपानी छापचित्रे पॅरिसच्या दुकानांत दिसू लागली. सपाट रंग, चौकटीच्या कडेला कापलेल्या आकृती, वरून पाहिलेले दृश्य हे सारे फ्रेंच चित्रकारांना नवे होते. मोनेने अशी दोनशेहून अधिक चित्रे जमवली. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेची दोन छापचित्रे पाहून तैलरंगात उतरवली. याला कोणी नक्कल म्हणत नाही, ‘अभ्यास’ म्हणतात. ज्यांनी ते लाकडी ठसे कोरले आणि कागदावर छापले, त्या कारागिरांची तर आठवणही कोणी काढत नाही.

आता आफ्रिका. १९०७ मध्ये पिकासो पॅरिसच्या त्रोकादेरो वस्तुसंग्रहालयात गेला आणि तिथल्या आफ्रिकी मुखवट्यांनी हादरून गेला. त्याच वर्षीच्या ‘आव्हिन्यॉच्या तरुणी’ या चित्रात उजवीकडच्या दोन चेहऱ्यांवर तो हादरा दिसतो. पण त्या संग्रहालयात आफ्रिका पोहोचली कशी? १८९२ मध्ये फ्रेंच सैन्याने दाहोमे राज्याची राजधानी अबोमे जिंकली. तिथल्या राजवाड्यातून लुटलेल्या मूर्ती याच संग्रहालयात ठेवल्या गेल्या. त्या लुटीतल्या २६ वस्तू फ्रान्सने २०२१ मध्ये बेनिन देशाला परत केल्या. म्हणजे आधुनिक कलेची ही ‘क्रांती’ ज्या दालनात घडली, ते दालन वसाहतवादाने भरलेले होते.

आणि श्रेयाचे काय झाले? १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांनी कलाचळवळींचा एक प्रसिद्ध तक्ता काढला. त्यात सेझान, व्हॅन गॉग, गोगँ, सरा नावानिशी आहेत. आफ्रिकेच्या वाट्याला मात्र एक चौकट आली आहे: ‘निग्रो शिल्प’. जपानलाही तशीच चौकट, आणि यंत्रांच्या सौंदर्यालाही तशीच! युरोपचा माणूस म्हणजे कलावंत. आफ्रिकेचा माणूस म्हणजे यंत्रासारखा एक स्रोत.

“त्यांची नावे ठाऊकच नव्हती,” असा बचाव केला जातो. नावे विचारली कोणी? नायजेरियातील योरुबा शिल्पकार ओलोवे पिकासोचा समकालीन होता. त्याने इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेली दारे १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात मांडली गेली. ब्रिटिश म्युझियमला ती इतकी आवडली की बदल्यात राजाला इंग्लंडमध्ये बनवलेले सिंहासन देऊन त्यांनी ती ठेवून घेतली. ओलोवे त्याच्या मुलखात नामवंत होता, त्याच्या पत्नीने त्याची स्तुतिगीते गायली. म्हणजे ‘अनामिक’ कोणी जन्मत नाही, अनामिक केले जाते.

आता उलटी दिशा पाहा. कलकत्त्यात गगनेंद्रनाथ टागोरांनी १९२० च्या दशकात घनवादाला आपल्या पद्धतीने हाताळले. ब्रिटिश समीक्षक डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९५९ च्या पुस्तकात ती चित्रे फसलेले अनुकरण ठरवली. कलाइतिहासकार पार्थ मित्तर यांनी या दुटप्पी मापावर नेमके बोट ठेवले आहे: युरोपने घेतले तर तो ‘प्रभाव’, इतरांनी घेतले तर ती ‘नक्कल’. टागोर काही वंचितांच्या घरातले नव्हते. जमीनदार घराण्यातला माणूसही तिथे नकलाकार ठरतो, तर मुखवटा कोरणाऱ्याची काय कथा!

पिकासोला चोर ठरवणे हा माझा हेतू नाही. तो मोठा चित्रकार होता. घेण्यादेण्यावरही आक्षेप नाही, कारण त्याशिवाय कला वाढतच नाही. आक्षेप हिशेबावर आहे. शब्दांतही सत्ता असते, आणि ‘प्रभाव’ हा शब्द तर लूट, श्रम आणि नाव अशा तिन्ही गोष्टी एका दमात झाकून टाकतो.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी कलाचळवळींची ही वंशावळ सांगू लागला की त्याला तीन प्रश्न विचारा. ती वस्तू कोणी घडवली? ती तिथे कशी पोहोचली? आणि घेणारा गोरा नसता, तर तुम्ही कोणता शब्द वापरला असता?

उत्तर द्यायला तो जितका वेळ घेईल, तितकी पाने त्याच्या पुस्तकातून गायब आहेत असे समजा.