आकड्यासोबत तारीखही हवी

यकृत प्रत्यारोपणानंतर रुग्ण कितपत सावरेल, हे रक्तातल्या प्रथिनांवरून आधीच सांगता यावे यासाठी जगभर संशोधन चालू आहे. थोड्याशा रक्तात शेकडो प्रथिने एकदम मोजणारी यंत्रे आली आहेत आणि नवनवे ‘मार्कर’ पुढे येत आहेत. या कामाचे मोल आम्ही कमी मानत नाही. पण इनामगावसारख्या घोड नदीकाठच्या गावातून शिरूर किंवा दौंडमार्गे पुण्याला पोचणाऱ्या सिऱ्होसिसच्या रुग्णापुरते बोलायचे, तर अडचण मार्करच्या तुटवड्याची नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये रोज होणाऱ्या अल्ब्युमिन (यकृत बनवते ते प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठण्याचे मोजमाप) या तपासण्या आपण सुट्या सुट्या, मागचापुढचा संदर्भ सोडून वाचतो, ही खरी अडचण आहे.

यकृताचा आजार किती गंभीर आहे हे सांगणाऱ्या मेल्ड गुणांकाचाच प्रवास पाहा. २००२ मध्ये अमेरिकेत यकृतवाटपासाठी तो लागू झाला तेव्हा बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर या तिघांवरच त्याची भिस्त होती. चाइल्ड-प्यू वर्गवारीतले अल्ब्युमिन त्यात नव्हते. २०१६ मध्ये सोडियम आले. २०२१ मध्ये मांडलेल्या आणि २०२३ पासून तिथे वापरात आलेल्या मेल्ड ३.० मध्ये डेसिलिटरमागे १.५ ते ३.५ ग्रॅमच्या मर्यादेत अल्ब्युमिनही धरले गेले. जुन्याच प्रथिनाला नव्या गणितात जागा मिळाली ती आकडेवारीच्या बळावर. मात्र हे गणित सांगते ते प्रत्यारोपण न झाल्यास पुढच्या ९० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता. प्रत्यारोपणानंतर काय होईल, हा निराळा प्रश्न. त्याचे उत्तर दात्याचे वय, यकृतातली चरबी, अवयव थंड ठेवल्याचा काळ, जंतुसंसर्ग अशा अनेक गोष्टींत विखुरलेले असते. भारतात तर बहुतेक प्रत्यारोपणांत यकृताचा भाग जिवंत नातेवाईक देतो. मृत दात्यांच्या यकृतांवर, परदेशी रुग्णांत बेतलेला प्रथिनसंच इथे तसाच्या तसा चालेल असे धरून चालणे धोक्याचे आहे. रुग्णांची क्रमवारी तो कदाचित बरोबर लावेल, पण जोखमीची टक्केवारी चुकवेल. आणि नातेवाइकांशी बोलताना आपण टक्केवारीच सांगतो.

शिवाय प्रत्येक प्रथिनाचा रक्तातला मुक्काम वेगळा. अल्ब्युमिनचा अर्धायुकाल सुमारे २० दिवसांचा, तर रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाचा जेमतेम ४ ते ६ तासांचा. अल्ब्युमिन गेल्या काही आठवड्यांची हकीकत सांगते, आयएनआर आजची. नवे यकृत बसवल्यावर पहिल्या आठवड्यात अल्ब्युमिन पाहून फारसे काही कळत नाही, कारण तेव्हाच्या आकड्यात सलाइनसोबत चढवलेल्या अल्ब्युमिनच्या बाटल्यांचाही वाटा असतो. नव्या यकृताच्या सुरुवातीच्या बिघाडाची २०१० मध्ये ओल्टहॉफ आणि सहकाऱ्यांनी पडताळलेली व्याख्या म्हणूनच दिवस नेमून बोलते: सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा अधिक, आयएनआर १.६ किंवा अधिक, अथवा पहिल्या सात दिवसांत एएलटी वा एएसटी ही यकृताची विकरे २००० च्या वर. काळाची अशी नोंद शरीर स्वतः ठेवते ती दातांत: त्याच इनामगावच्या उत्खननात मिळालेल्या बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवरील एनॅमलच्या खुणा लुकाच आणि वाळिंबे या संशोधकांनी अभ्यासल्या. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी कोवळ्या वयात पडलेल्या ताणाचा अंदाज त्यावरून बांधता आला. दात अशी नोंद जपून ठेवतात. रक्त ती ठेवत नाही, तेव्हा ती डॉक्टरनेच ठेवायची.

यावर आक्षेप येतो की अल्ब्युमिन कशानेही उतरते: संसर्गाने, लघवीतून होणाऱ्या गळतीने, उपासमारीने. खरे आहे, आणि एकट्या आकड्यावर निर्णय नको म्हणतो तो त्याचसाठी. पण याच आक्षेपातून एक जबाबदारीही निघते. ‘लिव्हरचा आजार’ म्हणून डाळ, अंडी, दूध बंद करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तर मार्गदर्शक तत्त्वे अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्या म्हणतात. खाण्याने अल्ब्युमिनचा आकडा चढो न चढो, स्नायू टिकायला मदत होते, आणि स्नायू झिजलेल्या रुग्णाला शस्त्रक्रिया जड जाते. दुसरा आक्षेप लॅबचा. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन पद्धत कमी पातळीचे अल्ब्युमिन पर्पल पद्धतीपेक्षा जास्त दाखवते, त्यामुळे लॅब बदलली की ‘सुधारणा’ नुसती कागदावर दिसू शकते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: एकच प्रथिन निर्णय फिरवू शकते, हे यकृताच्या कर्करोगात अल्फा-फिटोप्रोटीनने दाखवले आहे. २०१२ च्या फ्रेंच मॉडेलमध्ये गाठींचा आकार आणि संख्या यांच्या जोडीला त्याच्या १०० आणि १००० या पातळ्या आल्या. तिथे प्रश्न नेमका होता, कर्करोग उलटेल का एवढाच. नव्या प्रथिनसंचांनाही आधी असाच नेमका प्रश्न विचारावा आणि आपल्या केंद्रांतल्या, जिवंत दात्यांकडून यकृत मिळालेल्या रुग्णांवर ते तपासून घ्यावेत.

तोवर तालुक्याच्या डॉक्टरांकडे आमचे मागणे साधे आहे. अल्ब्युमिन २.१ आले म्हणून ‘आता उपयोग नाही’ असे सांगून कोणालाही घरी पाठवू नका. तो आकडा रुग्णाला लवकर पुढे पाठवण्याचे कारण आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बहुधा शेवटचाच रिपोर्ट वर असतो, खालचे चुरगळलेले असतात. पाठवणीच्या चिठ्ठीवर गेल्या तीन महिन्यांतले अल्ब्युमिन, आयएनआर, बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि सोडियम तारीखवार उतरवा, लॅबचे नाव लिहा, पोटातले पाणी कधी व किती लिटर काढले, अल्ब्युमिनची बाटली कोणत्या दिवशी चढवली आणि पाणी काढल्यानंतरचे वजन किती भरले, तेही लिहा.