मुलांना गोलात बसू द्या!

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून आणायचे आणि रोज घरी न्यायचे. कारण शाळेचा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नाही तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ७ नोव्हेंबर हा त्यांचा शाळाप्रवेश दिन २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. हार घातले जातात, भाषणे होतात. पण वर्गातल्या त्या कोपऱ्याचे पुढे काय झाले, हे विचारायचे कुणी?

गोणपाट गेले, कोपरा मात्र सगळीकडून गेलेला नाही. पुढच्या बाकावर कोणाची मुले बसतात आणि शेवटच्या रांगेत कोणाची, हे एकदा जाऊन पाहावे. शिष्यवृत्तीची यादी आली की भर वर्गात 'एससीवाले उभे राहा' असा पुकारा होतो. वस्तीवरचे मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणाले की वर्ग हसतो आणि कधी कधी गुरुजीही हसतात. दोन-चार वेळा असे झाले की मूल तोंड उघडत नाही. मग शेरा पडतो : 'अबोल आहे, अभ्यासात रस नाही.' हे मूल अबोल जन्मलेले नसते. त्याला अबोल केलेले असते.

यावर एक साधा, बिनखर्चाचा उपाय आहे. इंग्लंडमध्ये जेनी मोस्ली या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी प्राथमिक शाळांत 'सर्कल टाइम' रुजवला. आठवड्यातून एकदा अर्धा तास सर्व मुले गोलात बसतात. शिक्षकही त्याच गोलात, त्याच पातळीवर बसतात. एखादा चेंडू हातोहात फिरतो. तो ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचे; बाकीच्यांनी ऐकायचे. बोलायचे नसेल तर चेंडू पुढे द्यायचा, सक्ती नाही. या आठवड्यात कशाने आनंद झाला, वर्गात कशाची भीती वाटते, कुणी मदत केली, असे साधे प्रश्न. गोलाला पहिली रांग नसते आणि शेवटचा बाकही नसतो. एरवी वर्षभर न बोलणाऱ्या मुलाच्या वाट्यालाही चेंडू येतोच.

मात्र गोल काढला म्हणजे समता आली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच गोलात गुरुजींनी 'तुझे वडील काय काम करतात?' असे विचारले, तर तोच गोल मुलाला उघडे पाडणारा पिंजरा होईल. म्हणून नियम पक्के हवेत : जात, आडनाव, घरची गरिबी यावर प्रश्न नाही, कुणाचे नाव घेऊन तक्रार नाही, कुणाच्या बोलीला हसणे नाही. एखाद्या मुलाने गंभीर त्रास सांगितला, तर शिक्षकाने त्याला नंतर एकटे भेटून दखल घेतलीच पाहिजे.

ही कुणाची मेहेरबानी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मूल भयमुक्त असावे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. १७ वे कलम मानसिक छळास मनाई करते. 'अभ्यासक्रम संपत नाही, वेळ कुठून आणू?' असे म्हणणाऱ्यांनी रोजच्या परिपाठाकडे पाहावे. रांगेत उभे करून सुविचार घोकून घेण्याच्या वेळेतून आठवड्याला अर्धा तास सहज निघेल.

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारख्या राहतील. बंधुता पाठ्यपुस्तकातल्या उद्देशिकेचे पाठांतर करून येत नाही. शेजारच्या मुलाचे दुःख कानांनी ऐकल्यावर ती येते, आणि ते ऐकण्याचे वय सहा-सात वर्षांचे आहे.

आमचे आपल्या पालकांना सांगणे आहे : शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि वंचित घटकांतील पालकांना त्यात प्रमाणशीर स्थान आहे. ते केवळ सहीपुरते वापरू नका. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. आपल्या समाजातील शिक्षक बंधू-भगिनींनी तर परवानगीची वाट पाहू नये. उद्याच बाक बाजूला सारावेत, सतरंजी अंथरावी आणि मुलांसोबत खाली बसावे. ज्या कोपऱ्यात भीमरावाला बसवले गेले, तो कोपरा वर्गातून कायमचा पुसण्याची सुरुवात तिथून होईल.