खेळाचा लॅपटॉप आणि शिकण्याचे काम



तुमसर तालुक्यातील बपेरा येथील एका ताईंचे पत्र समोर आहे. बपेरा म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्याच्या टोकाचे गाव. पुढे मध्य प्रदेशाची हद्द लागते. घरी थोडे धान, बाकी मजुरी. मुलगी तुमसरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला संगणकावरचे आणि मोबाईलवरचे खेळ तयार करण्याचे काम शिकायचे आहे. त्यासाठी ती ६० हजारांचा ‘गेमिंग लॅपटॉप’ मागते. ताई लिहितात, “बचत गटातून कर्ज काढीन. पण एवढ्यात तिचे काम भागेल काय? तिच्या वर्गातली मुले म्हणतात, लाखाच्या वरचा पाहिजे. घरचे म्हणतात, पोरीला नुसते खेळायचे आहे. खरे काय धरावे?”

ताई, आधी सरळ उत्तर देतो. शिकण्यासाठी आणि लहान-मध्यम खेळ तयार करण्यासाठी असा लॅपटॉप पुरतो. लाखाच्या वरचा लागतच नाही. परंतु कर्ज आजच काढावे काय, याचे उत्तर वेगळे आहे. तेही सांगतो.

खेळ तयार करण्यासाठी जे सॉफ्टवेअर लागते त्याला ‘इंजिन’ म्हणतात. त्यात तीन नावे प्रमुख आहेत: गोडो, युनिटी आणि अनरियल. शिकणाऱ्याला तिन्ही विनामूल्य मिळतात. चोरून सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. गोडो तर कायमचे मोफत आहे, २०१४ पासून त्याचा कोड सर्वांना खुला आहे आणि ते उतरवायला शंभर एमबीच्या आसपास डेटा लागतो. साध्या लॅपटॉपवरही ते चालते. युनिटी त्याहून जड. अनरियल सर्वांत जड. ते तयार करणारी कंपनी स्वतःच ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड असावे अशी शिफारस करते. वर्गातली मुले लाखाची गोष्ट करतात ती बहुधा अनरियलवरील मोठ्या कामाच्या हिशेबाने. ज्याला अजून सापशिडी करता येत नाही, त्याने तिथून सुरुवात करण्याचे कारण नाही.

आता लॅपटॉपच्या आत काय पाहावे? रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. खेळ करताना इंजिन, चित्रांचे सॉफ्टवेअर आणि माहितीची पाने एकदम उघडी ठेवावी लागतात. म्हणून १६ जीबी हवी. ८ जीबीवर काम अडखळते. दुकानदार “नंतर वाढवा” म्हणेल. तेव्हा रॅमची जागा रिकामी आहे काय, हे बिल करण्याआधी विचारावे. काही लॅपटॉपमध्ये रॅम पक्की जोडलेली असते, ती पुढे वाढत नाही. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्या आहेत.

एसएसडी म्हणजे कोठी. ती ५१२ जीबीची असली म्हणजे सुरुवातीला भागते. ग्राफिक्स कार्ड हा चित्रे रंगवणारा वेगळा कारागीर. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये त्याची मेमरी ४ किंवा ६ जीबी असते. सपाट चित्रांच्या खेळाला त्याची फारशी गरजही पडत नाही. खोली दाखवणाऱ्या त्रिमिती खेळाला आणि ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरला तो उपयोगी पडतो.

उणिवाही सांगतो. हे लॅपटॉप जड असतात, लवकर तापतात, पंख्याचा आवाज करतात. बॅटरीवर ते पूर्ण जोराने चालत नाहीत. वीज गेली की वेग उतरतो. स्वस्त पडद्यावर रंग फिके दिसतात. आपल्याकडच्या मे महिन्यात गादीवर किंवा मांडीवर ठेवून काम केले तर हवा कोंडते आणि यंत्र आणखी तापते. टेबल किंवा पाट घ्यावा. उन्हाळी धानाच्या दिवसांत मोटारींमुळे गावात दाब कमी-जास्त होत असेल, तर स्टॅबिलायझर लावावा. दुरुस्ती घरी येऊन करणार की यंत्र नागपूरला न्यावे लागणार, हेही आधीच विचारावे. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि भाडे.

आता कर्जाचे. तुमच्या गटाचा दर महिन्याला शेकडा २ असेल, तर ६० हजारांवर पहिल्याच महिन्याला १,२०० रुपये व्याज. मुद्दल तसेच राहिले तर वर्षाला १४,४०० रुपये. लॅपटॉप कमवायला लागेपर्यंत हे व्याज तुमच्या मजुरीतून जाईल. म्हणून माझा सल्ला असा की, तीन महिने थांबा. थांबा म्हणजे मुलीला नाही म्हणू नका, तिला काम द्या. गोडो आता अँड्रॉइड मोबाईलवरही मिळते. लहान पडद्यावर त्रास होईल, पण सुरुवात होते. कॉलेजच्या संगणक कक्षात तासाव्यतिरिक्त बसू देतात काय, हे तिने सरांना विचारावे. या तीन महिन्यांत तिने आधी फुली-गोळा आणि मग सापशिडी पूर्ण करावी. ‘पूर्ण’ या शब्दावर जोर आहे. फासा पडला पाहिजे, सोंगटी चालली पाहिजे, जिंकणारा जाहीर झाला पाहिजे आणि शेजारच्या पोराच्या मोबाईलवर तो खेळ चालला पाहिजे.

घरच्यांच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. खेळणारा दुसऱ्याने केलेला खेळ उघडतो. करणारा, सोंगटी साप का गिळत नाही म्हणून रात्री अकरापर्यंत कोड तपासत बसतो. घरच्यांना इंग्रजी येत नसले तरी हा फरक डोळ्यांना दिसतो. पैसे लावून खेळण्याच्या ॲपशीही या कामाची गल्लत करू नये. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. खेळ तयार करणे हा मात्र धंदा आहे, शिक्षण आहे.

आपल्या महाराष्ट्रातच त्याची उदाहरणे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत खेळला गेलेला ‘लूडो किंग’ नवी मुंबईच्या गेमशन या कंपनीचा. तो २०१६ साली आला. त्यात एक पट, एक फासा, चार रंगांच्या सोंगट्या, आणि तो साध्या मोबाईलवर चालतो. दुसरे उदाहरण पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचे. त्यांचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आला. भावाच्या शोधात निघालेली मुलगी ही त्याची नायिका. तो अनरियलवर केलेला असून एका लहान चमूला त्यासाठी काही वर्षे लागली. पहिला खेळ पाहून मुलीने सुरुवात करावी, दुसरा पुढच्या वाटेसाठी मनात ठेवावा.

नोकरीची खात्री मात्र मी देणार नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या खेळ कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. परंतु या कामात शिकलेले प्रोग्रामिंग दुसऱ्या संगणकीय कामातही उपयोगी पडते, हा आधार लहान नाही.

तीन महिन्यांनी सापशिडी तयार झाली, तर ताई, गटाच्या बैठकीत ताठ मानेने कर्ज मागा. सर्व बायांना तो खेळ मोबाईलवर खेळायला द्या. पैसा कशासाठी हे समजावून सांगावे लागणार नाही. खेळ अर्धवट राहिला, तर मुलीला रागावू नका. ६० हजार वाचले आणि तिचा कल कळला, असे समजा. कदाचित तिला चित्रांचा भाग आवडेल, कदाचित हिशेबाचा.

आणि यंत्र कमी ताकदीचे आहे म्हणून तिने खंत करू नये. ज्यांच्यासाठी ती खेळ करणार, त्यांच्या हातातले मोबाईलही स्वस्तच आहेत. तिच्या लॅपटॉपवर जो खेळ अडखळेल, तो त्यांच्याकडे चालणारच नाही. हे तिला लाखाच्या यंत्रावर उशिरा कळले असते.

सापशिडी झाली की कळवा. पत्राची वाट पाहतो.