ऊस जमिनीप्रमाणे लावू द्या



गाळप हंगाम तोंडावर आला की एफआरपी, थकीत बिले आणि तोडणी टोळ्यांच्या बातम्या सुरू होतात. शेतात कोणता वाण उभा आहे, यावर मात्र कोणी बोलत नाही. नोकरीमुळे मी जोगेश्वरीत राहतो. शिरोळ तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन धाकटा भाऊ कसतो. तिथली परिस्थिती पाहून हे लिहीत आहे.

राज्यातले बहुतेक उसाचे शिवार आज को 86032 आणि फुले 265 या दोनच वाणांनी व्यापले आहे. वाण चांगले आहेत, यात वाद नाही. 86032 म्हणजे ‘नीरा’ हा कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतला संकर. पाडेगावच्या संशोधन केंद्राने तो इथल्या मातीत पारखून घेतला. त्याचा खोडवाही छान येतो. पण नदीकाठच्या आमच्या चोपण वावरात, जिथे उन्हाळ्यात मिठाचा पांढरा थर दिसतो, तिथे सरीत त्याचे निम्मे डोळे फुटतच नाहीत. तिथे 265 तग धरतो. मात्र तो उशिरा पक्व होतो. लवकर कोयता लागला की साखरेचा उतारा पडतो आणि कारखाना नाराज होतो.

एकाच वाणावर विसंबल्याचे फळ उत्तर प्रदेशाने भोगले आहे. को 0238 ने तिथला उतारा वाढवला, बघता बघता बहुतेक क्षेत्र त्याच्याखाली गेले आणि मग लाल कूज शिरली. रोगट ऊस उभा चिरला तर आत लालभडक, मध्ये आडवे पांढरे पट्टे आणि दारूसारखा आंबूस वास. आपल्याकडे लाल कूज तेवढी नाही, पण काणी, तांबेरा, गवताळ वाढ हे रोग आहेतच.

शेतकरी वाण का बदलत नाही? कारण एफआरपी, म्हणजे उसाचा किमान कायदेशीर दर, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3550 रुपये. माझ्या उसात साखर जास्त भरली, तरी मला वेगळा पैसा नाही. मग शेतकरी वजनामागेच धावणार! लवकर पक्व होणारा, भरपूर साखरेचा फुले 10001 उपलब्ध असून उपयोग काय? संकरापासून शिफारशीपर्यंत शास्त्रज्ञांची दहा-बारा वर्षे जातात आणि वाण प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवरच राहतो. बेणे तर आजही शेजारच्या उभ्या उसातून, रोगासकट येते.

कारखान्यांनी नोंद घेतानाच माती परीक्षणाचा अहवाल पाहावा, त्याप्रमाणे वाण सुचवावा आणि पक्वतेप्रमाणे तोडीचा क्रम लावावा. लवकर येणाऱ्या जास्त साखरेच्या वाणाला टनामागे थोडा जादा दर द्यावा. स्वतःचे बेणेमळे नीट चालवावेत. साखर आयुक्तांनी आणि संचालक मंडळांनी येत्या आडसाली लागणीआधी एवढे तरी ठरवावे, ही कळकळीची विनंती.

– एक ऊस उत्पादक, जोगेश्वरी (पूर्व), मुंबई