वाडीला गेल्यावर जेवायचं कुठं?

इचलकरंजीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरची मंडळी दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातात. दर्शनाला सगळे, पण आदल्या रात्री जागून दशम्या, बटाट्याची भाजी, दहीभात करायला त्या एकट्या. लिहितात, ‘बाहेर जेवू म्हटलं, तर सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही, मुलांना गरम हवं, आणि हे म्हणतात, देवाच्या गावी कसलं आलंय धड जेवण! मला दत्तमहाराज दिसतात ते डब्याच्या पिशवीआडून.’

अहो, पिशवी घरी ठेवा. वाडीला धड जेवण मिळतं, चांगलं मिळतं. आपण ते शोधतो मात्र भलत्या वेळी. दर्शन, अभिषेक आटोपून दीड-दोनला भुकेजलेली पोरं घेऊन दिसेल त्या हॉटेलात शिरायचं. तोवर पोळ्या गार झालेल्या असतात आणि आमटीत पाणी वाढलेलं असतं.

जेवणाची चौकशी घाटावर उतरण्याआधी करावी. देवळाच्या आसपास घरगुती जेवणाच्या पाट्या दिसतात. पुजाऱ्यांच्या घरीही आधी सांगितलं तर यात्रेकरूंची पानं मांडण्याची रीत आहे. तुमचे नेहमीचे पुजारी असतील तर आदल्या दिवशीच फोन करा आणि माणसं किती ते नक्की सांगा. ‘असतील सात-आठ’ असं मोघम नको. तिथंही आपल्यासारखीच कुणी बाई कणीक भिजवत असते.

अनोळखी ठिकाणी बसण्यापूर्वी विचारून घ्या. पोळी गरम येते की करून ठेवलेली? आमटीला कांदा-लसूण आहे का? ताट मोजून की पोटभर? बासुंदीचे पैसे वेगळे का? यात संकोच कसला? पुण्या-मुंबईच्या आपल्या शाकाहारी लेकीसुना थाई हॉटेलात गेल्या, तर रश्शात माशाचा अर्क नाही ना, वाटणात सुकी कोळंबी नाही ना, हे खडसावून विचारतात. ‘आज भाजी कुठली?’ हेही विचाराच. थंडीच्या दिवसांत ‘भरली वांगी’ असं उत्तर आलं, की पुढचं काही न विचारता बसावं! कृष्णाकाठची वांगी ती.

देवस्थानचा दुपारचा महाप्रसादही आहे. सासूबाईंना तो नक्की मानवेल. मात्र गुरुवारी, पौर्णिमेला गर्दी फार. कडेवर मूल असेल तर रांगेत उभं राहायचं की नाही ते आपलं आपण ठरवावं.

पावसाळ्यात मात्र फोन केल्याशिवाय निघूच नका. कृष्णा-पंचगंगा चढल्या की पाणी देवळातून वाहतं. दक्षिणद्वाराच्या सोहळ्याला लोक मुद्दाम जातात, ते खरं. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी गावात शिरलं होतं. अशा वेळी कुणाच्या घरी पान मागणार?

बासुंदी घरी न्यायची तर अगदी निघताना घ्यावी, आणि गार झालेली घ्यावी. गरम बासुंदी डब्यात कोंडली तर वाटेतच नासायची भीती. उन्हाळ्यात पल्ला लांबचा असेल तर तिच्या वाटेला न जाता पेढे किंवा कवठाची बर्फी घ्यावी. बर्फी आंबटगोड असते, मुलं आवडीनं खातात. इचलकरंजी काही लांब नाही. तेव्हा तुम्ही घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा तेवढा बरोबर ठेवा, आणि तो यजमानांच्या हातात द्या.